पृथ्वीचं वतन

बायबल बांधायला आलं की मी आधी त्याची कड बघतो. पुस्तक मिटून टेबलावर आडवं ठेवायचं आणि पानांच्या बाजूने उजेडाला धरायचं. अंगठा जिथे वर्षानुवर्षं टेकला, तिथे कडेवर काळसर पट्टा उठतो. लेवीय आणि गणना कोरी करकरीत. योहानाच्या चौदाव्या अध्यायापाशी एक पट्टा हमखास, कारण तो मयताच्या वेळी वाचतात. सगळ्यांत जाड पट्टा मधोमध, स्तोत्रांत. तिथे बोट घालून उघडलं की तेविसावं स्तोत्र निघणार हे कुणीही सांगेल. पण जुन्या खेड्यापाड्यांतल्या प्रतींमध्ये, राहुरी-वडाळ्याकडून, नेवाशाकडून येणाऱ्या, आणखी दोन ठिकाणी पानं मळलेली सापडतात: सदतिसावं आणि त्र्याहत्तरावं.

ही दोन्ही स्तोत्रं दुष्टांचं भलं का होतं, याबद्दल आहेत.

नगरात माझं बाइंडिंगचं दुकान आहे. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं. माझ्याकडे येणाऱ्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर अहमदनगर आहे, आणि आमच्या तोंडात नुसतं नगर. वडील हेच काम करायचे. वह्या, कचेऱ्यांची रजिस्टरं, डॉक्टरकीच्या पोरांचे प्रबंध यांवर पोट चालतं. बायबलांवर फारसं सुटत नाही, पण ती मी दुसऱ्याच्या हातात देत नाही. एकेक फर्मा सुटा करायचा, जुनी सरसाची पापडी खरवडून काढायची, फाटलेल्या घडीला पट्टी लावायची, पुन्हा जुजबंदी शिलाई. खळ घरचीच, मैद्याची, मोरचूद घालून, म्हणजे कसर लागत नाही. पानं उलगडताना आत काय काय निघतं! झावळ्यांच्या रविवारची वाळकी पात, रेशनची चिठ्ठी, नातवाचा परीक्षेचा नंबर, एकदा तर लॉटरीचं तिकीट. जुना करार संपून नवा सुरू होतो तिथल्या कोऱ्या पानावर जन्म-मृत्यूच्या तारखा. माझ्यापुरता नगर जिल्ह्याचा इतिहास या पानांत आहे, आणि मी तो शिवत बसतो.

हे पुस्तक मराठीत एका झटक्यात आलेलं नाही. विल्यम कॅरीने बंगालातल्या श्रीरामपुरात १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान छापलं आणि १८११ मध्ये नवा करार. त्याच्या हाताशी वैजनाथ नावाचे पंडित होते. पण हुगळीच्या काठावर बसून केलेलं मराठी मुंबई-पुण्याच्या माणसाला परकं वाटायचं. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी ते बाजूला ठेवून नव्याने हात घातला आणि १८२६ मध्ये आपला नवा करार पुरा केला. सगळं बायबल एकत्र हाती यायला १८४७ उजाडलं. त्यांच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाचा एक कारागीर होता. त्याने देवनागरीचे असे ठसे कापले, की त्याच्या हाताखाली शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर छापखाना काढला. ज्या निर्णयसागरच्या संस्कृत पोथ्यांची शपथ घ्यावी, त्या अक्षराची नाळ बायबल छापणाऱ्या खोलीत पुरलेली आहे. ही गोष्ट मी दुकानात आलेल्या प्रत्येक शास्त्र्याला आणि प्रत्येक पाळकाला सांगतो. दोघंही सारखेच गप्प होतात.

नगरला मिशनचं ठाणं पडलं १८३१ मध्ये. पुढच्याच वर्षी पहिल्या तीन मिशनऱ्यांपैकी हर्वी कॉलऱ्याने गेला. शाळा निघाल्या. त्यांतल्या मिस फॅरार यांच्याकडे सावित्रीबाई फुले शिकवायचं कसं ते शिकून गेल्या, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक निघालं. सुरुवातीला ख्रिस्ती झाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यांत काही ब्राह्मण, आणि नंतर, गावंच्या गावं, महार-मांग. माझा पणजा त्या दुसऱ्या लोंढ्यातला.

आता सदतिसाव्या स्तोत्राकडे येतो. त्यात दावीद सांगतो, की दुष्कर्म्यांना पाहून जळफळू नकोस, ते गवतासारखे वाळून जातील. थोड्या वेळाने तू त्यांची जागा शोधशील आणि ते तिथे नसतील. मग पुन्हा पुन्हा, मूळ हिब्रूत पाच वेळा, एकच वचन येतं: जे लीन आहेत, जे देवाची वाट पाहतात, त्यांना भूमी वारशाने मिळेल. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात इथूनच हे उचललं. हिब्रूत ते स्तोत्र अक्षरक्रमाने रचलेलं आहे, अलेफ, बेथ, गिमेल. आपल्याकडे क, ख, ग घेऊन कुणी अभंग रचावा तसं. पाठ करायला सोपं जावं म्हणून केलेली ती सोय. मराठीत ती राहिली नाही, राहणं शक्यही नव्हतं. पण मराठीत एक वेगळीच गोष्ट झाली. 'वारशाने मिळेल' याला भाषांतरकर्त्यांनी जो शब्द घेतला, तो म्हणजे वतन. पृथ्वीचं वतन.

मूळ अरबी शब्द, जन्मभूमी असा अर्थ. आपल्याकडे तो येऊन घट्ट बसला तो हक्काला, पिढीजात कामाला आणि त्या कामाबद्दल मिळालेल्या जमिनीला. पाटलाचं वतन, कुलकर्ण्याचं, देशमुखाचं. वतनासाठी भावांनी भावांचे गळे कापले, वतन गेलं तर माणूस मेल्यासारखा. मराठी मुलखात 'हे तुझं, तुझ्या बापजाद्यांचं, तुझ्या लेकरांचं' असं ठासून सांगायला याच्या तोडीचा शब्द नव्हता. भाषांतरकर्त्यांनी अचूक शब्द निवडला.

फक्त ऐकणाऱ्यांत माझा पणजा होता. त्यालाही वतन होतं.

महारकी वतन. वेशीवर येसकरी म्हणजे राखण, साहेब आला की त्याचं ओझं दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत, सरकारी टपाल, सांगावा, मयताचा निरोप घेऊन उन्हातान्हात पाहुण्यांच्या गावी, मेलेलं ढोर ओढणं. रात्री-बेरात्री हाक आली की उठायचं. बदल्यात इनामाचा एक तुकडा, जो भावकीत वाटत वाटत वाफ्याएवढा झालेला, आणि दारोदार जाऊन मागायची भाकरी. १८७४ च्या कायद्याने सरकारने ही सगळी वंशपरंपरेची कामं कागदावर पक्की बांधली. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात या कायद्याला दुरुस्ती सुचवली. महाराला गुलामीत ठेवणारी बेडी हीच, हे त्यांनी सांगून सांगून घसा कोरडा केला. १९३९ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, हरेगावला, महार-मांग वतनदारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. त्याच हरेगावला आता दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, लाखाने माणूस येतं. एकाच गावात दोन्ही, आणि यात्रेला जाणाऱ्यांतल्या कितीजणांच्या आज्यांनी ती परिषद पाहिली असेल, असं मला दर वर्षी वाटून जातं.

तर अशा माणसाच्या कानावर 'वतन' पडलं तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल? पाटलाचं वतन आलं, की आपलं? आजी सांगायची ती कथा अशी. वस्तीवर बोरीच्या झाडाखाली मास्तरांनी हे स्तोत्र वाचलं, तेव्हा माझ्या पणज्याने मध्येच विचारलं, "देवाच्या वतनात येसकरी कुणाकडं?" मास्तरही आमच्यातलाच, जरा शिकलेला. तो म्हणाला, "तिथं वेसच नाही." आजी हे सांगताना दर वेळी हसायची. खरं घडलं की कुणी रचलं, देव जाणे. पण प्रश्न खरा आहे.

बाप्तिस्म्यानंतर गावाने सरळ सांगितलं: काम करशील तर भाकर. मिशनचं म्हणणं, रविवारी काम नाही आणि देवाच्या पालखीपुढलं तर नाहीच. दोन धन्यांच्या मध्ये पणजा दोन वर्षं घासला आणि एका उन्हाळ्यात बायको, दोन पोरं, एक जातं घेऊन नगरला चालत आला. भाऊ मागे राहिला. वतनाचा वाफा त्याच्याकडे राहिला. १९५८ च्या कायद्याने ही वतनं खालसा झाली आणि सरकारात रक्कम भरणाऱ्या वतनदाराला जमीन परत मिळाली, तेव्हा अर्थातच त्या सातबाऱ्यावर आमचं नाव नव्हतं. वडिलांनी एकदा चौकशी केली. कचेरीतल्या माणसाने वर न बघता विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती ना? मग इथं काय?" वडील परत आले आणि त्या दिवशी एकही पुस्तक शिवलं नाही. चुलतभावांचा मला राग नाही. त्या वाफ्यात एक विहीर आहे, तीही कोरडी.

या स्तोत्रात आणखी एक जागा आहे, तिथे नगरच्या माणसाला ठेच लागावी. दावीद म्हणतो, दुष्ट माणूस कर्ज घेतो आणि फेडत नाही. नीतिमान मात्र दया करतो, देतो. हे वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे १८७५ येतं. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जरोखे, खतं, वह्या यांची होळी केली. महिनाभरात तो वणवा पारनेर, श्रीगोंद्याकडे, आमच्या जिल्ह्यात आला. माणसं फारशी मारली नाहीत. कागद जाळले. (बाइंडर म्हणून मला सांगितलं पाहिजे, की चामड्याच्या पाठीची खतावणी लवकर पेटत नाही, ती आधी फाडावी लागते. त्यांनी ती फाडलीच असणार.) अमेरिकेत १८६५ मध्ये यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले, सरकारने सारा वाढवला, आणि कोर्टं सावकाराच्या कागदाला देववाणी मानून जप्त्या करत होती. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना थोडा आधार देणारा कायदा केला. पण आता सांगा, स्तोत्रातला दुष्ट कोण? कर्ज न फेडणारा कुणबी, की एकाचे चार करणारा सावकार?

मिशनच्या लोकांना हा प्रश्न पडला की नाही ठाऊक नाही. वस्तीवर मात्र तो नक्की पडला असणार. दाविदाच्या काळात कर्ज म्हणजे बहुधा पेरणीला उसनं घेतलेलं धान्य, शेजाऱ्याचं. धान्य असून परत न करणारा तो दुष्ट. व्याजाची गोष्ट पंधराव्या स्तोत्रात वेगळी आहे. देवाच्या मंडपात कोण राहील, तर जो आपला पैसा व्याजी लावत नाही तो. माझ्याकडे आलेल्या एका जुन्या प्रतीत या दोन जागा शाईच्या एकाच रेघेने जोडलेल्या होत्या, अधली पानं ओलांडून, रेघ कडेकडेने नेलेली. ज्याने कुणी ती ओढली, त्याने सावकाराच्या दारात बसून हिशेब ऐकला असणार. शाळेत गेला असेलच असं नाही.

त्र्याहत्तरावं स्तोत्र आसाफाचं. हा आसाफ दाविदाच्या पदरी गायकांचा मुख्य होता. आपल्या भाषेत कीर्तनकारच. तो दाविदाइतका शांत नाही. तो कबूल करतो, की माझा पाय घसरलाच होता. दुष्टांना दुखणंखुपणं नाही, मेद चढून त्यांचे डोळे बाहेर आलेत, गर्व त्यांनी गळ्यात घातलाय, आणि मी उगाच आपलं मन धुऊन स्वच्छ ठेवलं. मग तो देवाच्या पवित्रस्थानी जातो आणि तिथे त्याला त्यांचा शेवट दिसतो. जागं झाल्यावर स्वप्न जसं विरतं, तसा.

कीर्तन नगरच्या ख्रिस्ती लोकांनी उसनं घेतलं नाही, ते त्यांच्या रक्तातच होतं. कृ. र. सांगळे यांच्यासारख्यांनी त्यात बायबल भरलं: टाळ, चिपळ्या, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं तसंच, आख्यान मात्र योसेफाचं, दानीएलाचं, नाहीतर एस्तेरचं. एस्तेरच्या आख्यानात सत्तेवरचा हामान यहुदी मर्दखयासाठी पन्नास हात उंच फाशीचा खांब उभारतो आणि शेवटी स्वतःच त्यावर लटकतो. आजी सांगायची, बुवा 'पन्नास हात' म्हणताना मान वर करत करत मागे पडायचा, आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पाटील कीर्तनाला पुढे बसलेला असायचा. तोही हसायचा. हामान म्हणजे कोण, हे दोन्ही बाजूंना कळलेलं असायचं, पण टाळ चालू असेपर्यंत कुणी कुणाकडे बघायचं नाही.

कवी नारायण वामन टिळक या परंपरेत आले ते बाहेरून. जन्म १८६१, कोकणात करजगावचा. बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत. मग नगर, राहुरी. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणायचे. मला त्यांच्या कवितांइतकीच त्यांची एक कृती महत्त्वाची वाटते: १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि हातात काही न ठेवता 'देवाचा दरबार' हा भक्तांचा मेळा भरवायला निघाले. पगारी माणसाने उपाशी माणसाला समाधानावर प्रवचन द्यायचं, ही गोष्ट त्यांना टोचली असावी. दोन वर्षांत ते गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी संसाराची जी ओढाताण सोसली, ती त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलेल्याला सांगायला नको. नवऱ्याच्या समाधानाची किंमत बायको भरते, हे त्या पुस्तकात इतक्या हसतखेळत लिहिलंय, की दुसऱ्यांदा वाचताना लक्षात येतं.

समाधानाला मराठी बायबलात पौलाच्या पत्रात 'चित्तसमाधान' असा शब्द येतो. मुळातल्या ग्रीक शब्दाचा अर्थ आपल्यापुरतं आपल्याजवळ असणं, असा काहीसा आहे. पौलाने फिलिप्पैच्या लोकांना अशाच अर्थाचं लिहिलं ते कैदेतून. असे शब्द अडाणी बाईलाही कळावेत म्हणून पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये सबंध बायबल पुन्हा भाषांतरित केलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणाऱ्या, सगळ्या बायकाच. त्यांत कितीतरी दुष्काळातून उचलून आणलेल्या, तिथेच वाढलेल्या पोरी. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये बाहेर पडलं. एकदाच त्याची एक प्रत माझ्या हातात आली. शिलाई अजून शाबूत होती. मी तिला हात लावला नाही, नुसता पुठ्ठा बदलून दिला.

दुष्काळाचं नाव निघालं म्हणून आजीची आई. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनने सांभाळलेली अनाथ पोर ती. सदतिसाव्या स्तोत्रात म्हातारा दावीद म्हणतो, की मी तरुण होतो, आता म्हातारा झालोय, पण नीतिमानाच्या लेकरांना भीक मागताना मी पाहिलं नाही. हे वाक्य आलं की आजी मान हलवायची. "त्यानं आपला मुलूख पाहिला नसंल." आणि पुढचं वाचायला खूण करायची. देवाच्या पुस्तकाशी असं भांडून पुन्हा त्याच पानावर बोट ठेवणं तिला जमायचं. मला अजून नीट जमत नाही.

मी नुकताच वडिलांच्या हाताखाली लागलो होतो, तेव्हा एका कचेरीने दोनशे रजिस्टरं बांधून घेतली आणि बिल दोन वर्षं लटकवलं. टेबलावरच्या माणसाला त्याचा हिस्सा हवा होता. मी रोज संध्याकाळी घरी येऊन त्याला शिव्या घालायचो. एके दिवशी आजी तांदूळ निवडत होती. तिने मला ते स्तोत्र मोठ्याने वाचायला लावलं. गवतासारखे वाळतील तिथे मी थांबलो आणि विचारलं, "कधी वाळणार?"

"वाळंल तवा वाळंल," ती खडा बाजूला टाकत म्हणाली. "तू त्याच्याकडंच बघत बसलास, तर तुझी खळ वाळंल."

बिल पुढे मिळालं, हिस्सा कापून. तो माणूस बढती घेऊन गेला आणि माझ्या माहितीप्रमाणे चांगला लठ्ठ पेन्शन खातोय.

मागच्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यातल्या श्रीरामपूरकडचे एक निवृत्त शिक्षक आजोबांचं बायबल घेऊन आले. पाठ गेलेली, पहिले चार फर्मे लोंबत होते. "कडा कापून साफ करून द्या," म्हणाले. मी कडा कापत नाही. समासात लोक लिहितात. त्यांना म्हटलं, आठ दिवसांनी या, आणि रात्री एकेक फर्मा सोडवत बसलो. सदतिसाव्या स्तोत्रात, दुष्ट माणूस हिरव्यागार झाडासारखा पसरला होता असं जिथे आहे, तिथे समासात पेन्सिलीने एक नाव होतं. बारीक अक्षर, दाबून लिहिलेलं. आणि ते खोडरबराने खोडलेलं. उजेड तिरका धरला तरच खाच दिसत होती. आडनाव मला ओळखू आलं. त्या घराण्याचा वाडा अजून उभा आहे. नाव लिहिलं त्याच हाताने खोडलं, की मुलाने, की सुनेने, हे कागदावरून कळत नाही. घासून घासून तिथला कागद इतका झिजला होता, की पलीकडच्या ओळी इकडे उमटत होत्या.

शिक्षक न्यायला आले तेव्हा मी त्यांना ती जागा दाखवली नाही. फक्त आदल्या रात्री खळ पाण्यासारखी पातळ केली, टिश्यूचा बोटभर तुकडा फाडला आणि पानाच्या मागच्या बाजूने लावून दिला.